अकरा पावलांवरचं टेबल

मास्तरांचा जुना कॉम्प्युटर सकाळी नऊच्या सुमाराला गेला. दोन दिवस त्याला घरघर लागलेलीच होती. मग एकदा पंखा जोरात फिरला, जळक्या रबराचा वास सुटला आणि पडदा काळा झाला. मास्तरांनी बटण दाबलं, परत दाबलं, आणि हात मांडीवर ठेवले. खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसलेल्या टेलरबाईंनी पाय थांबवला.

"काय झालं हो?"

"संपला," मास्तर म्हणाले.

हा शब्द त्या घरात गेले तीन महिने कुणी तोंडातून काढत नव्हतं. दूध संपलं तरी बाई 'दूध आणायला हवं' म्हणत. त्यामुळे दोघंही थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडेच बघत राहिली.

इमारतीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण मास्तरांनी जन्मात कधी कुणाला शिकवलं नव्हतं. हातात सदा पुस्तक आणि कानावर तांबडी पेन्सिल, एवढ्या भांडवलावर लोकांनी ती पदवी देऊन टाकली होती. ते होते सूचीकार. आता सूचीकार म्हणजे काय, हे लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी टेलरबाईंना दर गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागे. जाड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत शब्दांची यादी असते, अमुक शब्द अमुक पानावर, ती कुणीतरी बसून केलेली असते. "अगंबाई, ती आपोआप होत नाही?" असं गिऱ्हाईक हमखास विचारायचं. आपोआप तर काजंही होत नाहीत, असं बाई तोंडात टाचण्या धरूनच सांगायच्या.

काम असं चालायचं. मास्तर छापायच्या आधीचं पान वाचत, शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारत, शब्द टाइप करत, आणि कीबोर्डाच्या उजव्या कडेला आकड्यांची बटणं असतात त्यांवर न बघता पानाचा नंबर ठोकत. शब्द निवडणं हीच खरी कला होती. "कोरफड शोधत कोण येतंय?" ते म्हणत. "माणूस भाजतो, आणि मग 'भाजणे' शोधत येतो. 'भाजणे' हा शब्द सूचीत नसेल तर कोरफड असून उपयोग काय?" दुसऱ्या कुणाच्या अर्धवट सूचीला ते हात लावत नसत. एका सूचीला एकच डोकं लागतं, हे त्यांचं ठाम मत होतं. दोन डोक्यांची सूची म्हणजे दोन टेलरांनी शिवलेला कोट, असं म्हणून ते बायकोकडे बघून हसायचे.

चाळीस वर्षं हे काम केलं, पण नाव कुठे नाही. पुस्तकात लेखकाचं नाव छापतात, चित्रकाराचं छापतात, कागद कुठून आला तेही छापतात. सूचीकाराचं नाव छापावं असं कुणाच्या मनातही येत नाही. या वेळी मात्र आलं होतं. औषधी वनस्पतींचा नऊशे चाळीस पानांचा ग्रंथ होता, आणि प्रकाशकांनी आपणहून सांगितलं होतं की सूचीच्या पहिल्या पानावर तुमचं पूर्ण नाव घालू. मास्तरांनी तिथे नुसता नमस्कार केला. घरी येऊन, चहाचा कप हातात घेऊन, त्यांनी हळूच विचारलं, "वडलांचं नाव घालू का गं मध्ये?"

"घाला की. त्यांनी काय घोडं मारलंय?" बाई म्हणाल्या होत्या.

त्यानंतर महिन्याभरात मास्तरांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. आधी हसण्यावारी नेलं. मग जिन्यात दोनदा तोल गेला. मग डॉक्टर, तपासण्या, आणि दुखण्याचं एक लांबलचक नाव. पाय जातील, मग हात जातील, मग बोलणं जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हातांना सहा-सात महिने धरून चालू, म्हणाले. "डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील," हे त्यांनी चांगली बातमी दिल्यासारखं सांगितलं. थोडक्यात, सूची आधी पुरी होते की हात आधी जातात, एवढाच प्रश्न उरला होता. कॉम्प्युटर जळला त्या सकाळी मास्तर दोनशे ऐंशीव्या पानावर होते.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. बाईंनी लगेच दुकानदाराला बोलावणं धाडलं. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्यानं येऊन खोकं उघडलं, मान हलवली, पण सूचीची फाइल तेवढी वाचवून दिली. मशीन नवंच घ्यावं लागेल, म्हणाला. डेस्कटॉप घ्या नाहीतर लॅपटॉप घ्या, पण यात आता जीव नाही.

मास्तरांची थोरली बहीण, आक्का, तळमजल्यावर राहायच्या. तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या आणि निवृत्त झाल्या तरी नर्सच राहिल्या होत्या. रोज दहा वाजता भावाला बघायला वर यायच्या. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भावजयीला स्वयंपाकघरात गाठलं.

"लॅपटॉप घे."

"का बरं?"

"पलंगावर उशीला टेकून काम करू दे त्याला. आहे तेवढी ताकद बोटांना राहू दे."

"पलंगावर कशाला? टेबल आहे की."

"टेबल बाहेरच्या खोलीत आहे, अगं."

"मग? पाय आहेत त्यांना."

आक्कांनी ओट्यावरची भांडी बाजूला सारली. "बरं, टेबल आत न्या."

"आत पलंग आणि कपाट. मधून मी आडवी जाते. टेबल कुठं ठेवू, डोक्यावर?"

"मग पलंग बाहेर टाका."

"बाहेर पलंग टाकला की भेटायला येणाऱ्यांची रांग लागते, आक्का. मला ती रांग नकोय." बाईंचा आवाज चढला. "तुम्ही तर त्यांना आत्ताच झोपवायला निघालात!"

आक्का दाराकडे वळल्या. नर्सबाईंना अशी बोलणी खायची सवय असते. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "त्याच्या पँटी बाजूनं उसवून नाड्या लाव. नेसवायला सोपं जातं." बाईंनी नळ मोठा सोडला.

आणि गंमत बघा, या सगळ्यात जर कुणाला खरं माहीत असेल तर ते बाईंनाच. त्यांची नजर म्हणजे टेप. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची कमर त्या वरच्या मजल्यावरून सांगत. तीन महिन्यांत नवऱ्याच्या चारही पँटी त्यांनी दोनदा आत घेतल्या होत्या, आणि डावी मांडी उजवीपेक्षा किती बारीक झाली हे डॉक्टरांच्या आधी त्यांच्या बोटांना कळलं होतं. पण कापड त्यांनी कापलं नव्हतं. आत दुमडून, भरपूर माया ठेवून टाके घातले होते, म्हणजे बरं वाटलं की उसवून पुन्हा सैल करता येईल. कळतं पण वळत नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "चालू द्या त्यांना, पण थकवू नका." टेलरबाईंनी त्यातला अर्धाच भाग ऐकला. मोठी बाई, रोज गिऱ्हाइकाचं पूर्ण माप घेणारी, इथं मात्र अर्ध्या मापावर कापड कापून मोकळी झाली.

आक्का गेल्यावर टेलरबाई आत गेल्या तेव्हा मास्तर पलंगावर बसून नुकताच फोन खाली ठेवत होते. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या हातात टेप होती आणि चेहऱ्यावर काहीतरी सुचल्याची चमक होती. पलंगापासून बाहेरच्या टेबलापर्यंत त्यांनी गुडघ्यांवर बसून माप घेतलं, आणि मास्तरांच्या पावलाचा अंदाज धरून फरशीवर शिवणाच्या खडूनं रेघा मारत गेल्या.

"अकरा!" त्या टेबलापासून ओरडल्या. "अकरा पावलं फक्त! आपण डेस्कटॉपच घेऊ. काम करायचं तर उठायलाच लागेल, टंगळमंगळ चालायची नाही. रोज चार खेपा केल्यात तर महिन्याभरात जिना उतराल. मग मीच म्हणेन, अहो, जरा घरी टेका आता." आणि त्या हसल्या. गुडघ्यांवर बसून, खडूनं पांढरे झालेले हात मांड्यांवर ठेवून, मोठ्यानं हसल्या.

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डेस्कटॉपच आण. आकड्यांची बटणं लागतातच मला. लॅपटॉपला ती धड नसतात."

बाईंना वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

दुकानात शिरल्या तेव्हा दुकानदार फोनवर होता. "बरं, बरं मास्तर, तसंच करतो," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि काउंटरवरचं एक चपटं खोकं खाली सरकवलं. त्यावर चिठ्ठी डकवलेली होती. बाईंना वाटलं, यांनीच फोन करून आपण येतोय म्हणून सांगितलं असेल. केवढी काळजी!

"डेस्कटॉप ना?" दुकानदारानं विचारलं.

"हो. पडदा मोठा द्या. अक्षर बारीक असतं त्यांचं."

"लॅपटॉप एकदा बघून घेता का, काकू? उचलून कुठंही नेता येतो. मांडीवर, पलंगावर. आकड्यांचा छोटा कीबोर्ड वेगळा मिळतो, तो जोडता येतो त्याला."

"पलंगावर न्यायचाच नाहीये मला," बाई म्हणाल्या. "एका जागी राहील असंच द्या. माणूस त्याच्याकडे गेला पाहिजे, त्यानं माणसाकडे यायचं नाही."

दुकानदारानं आणखी एकदा विचारलं, "नक्की ना?" बाईंना राग आला. गिऱ्हाइकानं कॉलर गोल सांगितली की गोलच शिवतो आम्ही, म्हणाल्या. दोन्ही घेण्याची त्यांची ऐपत नव्हती आणि एक घेतला की दुसरा विसरायचा, हे दुकानदारालाही ठाऊक होतं. त्यानं बिल केलं.

नवा डेस्कटॉप टेबलावर बसला. मास्तरांनी पहिल्या दिवशी फाइल उघडली आणि सगळ्यात वर 'सूची' लिहून त्याखाली आपलं पूर्ण नाव टाइप केलं, वडलांच्या नावासकट.

"आधी नाव?" बाईंनी चिडवलं. "बारसं आधी आणि बाळंतपण नंतर?"

"नंतर बोटं चुकायला नकोत," मास्तर म्हणाले.

मग त्या अकरा पावलांचा संसार सुरू झाला. सकाळी मास्तर पलंगाची कड धरून उठायचे, काठी घ्यायचे, आणि खडूच्या रेघेवर पाऊल ठेवत निघायचे. बाई मशीन सोडून पुढे उलट्या चालायच्या, हात पसरून. "हं, चार. हं, पाच." टेबलाशी पोचेपर्यंत मास्तरांची बनियन पाठीला चिकटलेली असायची. पहिला पाव तास ते नुसतेच खुर्चीत बसून राहत. मग पेन्सिल उचलत. तासाभरानं बोटं कापायला लागली की परत अकरा पावलं, पलंग, झोप. दुपारी पुन्हा तेच. बाई संध्याकाळी आक्कांना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आज तीन खेपा झाल्या बरं का!" आक्का नाडी बघायच्या आणि मान खाली घालून घड्याळाकडे बघत राहायच्या.

पूर्वी दिवसाला बारा पानं व्हायची. आता पाच झाली तरी खूप. चालण्यातच दिवसाची पुंजी सरायची आणि सूचीच्या वाट्याला खुर्दा यायचा. हे मास्तरांना दिसत होतं, आक्कांना दिसत होतं. बाईंना मात्र पावलं दिसत होती. महिन्याभरात रेघा जुळेनाशा झाल्या, पाऊल दोन रेघांच्या मधेच पडायला लागलं. बाईंनी ओल्या फडक्यानं जुन्या रेघा पुसल्या आणि नव्या मारल्या. अकराच्या चौदा झाल्या. मग सतरा. मोठ्यानं मोजताना मात्र त्या शेवटी 'अकरा' म्हणायच्या, मधले काही आकडे गिळून. आकड्यांत आयुष्य घालवलेला माणूस ते ऐकून घ्यायचा आणि खुर्चीत बसायचा.

एकदा मात्र मास्तर सकाळी म्हणाले, "आज जरा इथंच पडून वाचू का गं?"

"आज नको. आज ऊन किती छान आलंय टेबलावर," बाई म्हणाल्या. "उद्या पडा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं नाही.

ते पडले तेव्हा बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. एक गिऱ्हाईक कोटाच्या मापासाठी हात पसरून उभं होतं. दुपारच्या खेपेला अजून वेळ होता, पण मास्तरांना एक शब्द सुचला होता, तो विसरायच्या आत टाइप करायला ते एकटेच निघाले. आवाज फार मोठा झाला नाही. बाई धावल्या तेव्हा मास्तर सातव्या आणि आठव्या रेघेच्या मधे पडले होते, उजवा हात अंगाखाली. डोळे उघडे होते. "सहाशे अकरा," ते म्हणाले. "पान सहाशे अकरा. लिहून ठेव."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर दीड महिना राहिलं, आणि त्या दीड महिन्यात दुखणं हात बांधून बसलं नव्हतं. ते वर चढलं. प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात निघाला तो बाईंनी बोटांनी चाचपला. बाहीच्या मापाला काही उरलं नव्हतं. पेला धरता येईना. डावा हातही मागोमाग निघाला होता.

"हात जाणारच होता," आक्का जिन्यात म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो फाटला होता. "पण आणखी तीन महिने टिकला असता गं. तेवढ्यात झालं असतं त्याचं."

बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. 

पलंग बाहेरच्या खोलीत आला. टेबल भिंतीला सरकलं. भेटायला येणाऱ्यांची रांग लागायची ती लागलीच, आणि प्रत्येक जण 'होईल हो बरं' म्हणून, चहा पिऊन गेला. बाईंनी फरशी पुसली, पण खडू फटींत शिरला होता, तो काही जाईना.

मग त्या दुकानात गेल्या. बैल गेला आणि झोपा केला, असं लोक म्हणतील, म्हणू देत. हात गेले तरी जीभ आहे, ते सांगतील आणि आपण पलंगाशी बसून टाइप करू, असं त्यांनी ठरवलं होतं. डेस्कटॉप परत घ्या आणि लॅपटॉप द्या, म्हणाल्या. दुकानदार आत गेला आणि तेच चपटं खोकं घेऊन आला. चिठ्ठी अजून तशीच होती. चिठ्ठीवर मास्तरांचं नाव होतं.

"हे काय?"

"तेव्हाचाच आहे, काकू. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं याला, पण मी दिला नाही." तो चिठ्ठीचा कोपरा नखानं खरवडत होता. "तुम्ही आलात ना, त्या सकाळी मास्तरांनी फोन करून हा बाजूला ठेवायला सांगितला होता. मग तुम्ही घरून निघालात तेव्हा परत फोन केला, की नको, बायको येतेय, ती म्हणेल तेच द्या. आणि तिला बोलू नका म्हणाले."

बाई काउंटरजवळच्या स्टुलावर बसल्या. दुकानदारानं पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलं नाही, पेला मात्र हातातच राहिला. फोन खाली ठेवणारे मास्तर त्यांना आत्ता दिसले, साडेचार महिन्यांनी. माणसाला ठाऊक होतं. आपल्या हातांना किती दिवस आहेत, कुठल्या मशीनवर काम उरकेल, सगळं मोजून त्यानं ठरवलं होतं, आणि मग बायको गुडघ्यांवर बसून रेघा मारते आहे हे बघून ते सगळं सोडून दिलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण इतकं वाईट तर बाईंच्या मनानंही कधी चिंतलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी त्या फोनचं नाव काढलं नाही. बोलणार काय? लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगाशी बसल्या. मास्तरांचं बोलणं तोवर जड झालं होतं. शब्दांच्या कडा विरघळायच्या. बाईंना आणि आक्कांनाच ते कळे. बाई पान डोळ्यांसमोर धरायच्या, मास्तर वाचायचे, एकेक शब्द काढायचे, आणि बाई एका बोटानं अक्षर शोधत बसायच्या. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवणारं बोट इथं पार अडाणी होतं. दिवसाला एक पान. कधी तेही नाही. मास्तर सहाशे चोवीसवर आले तेव्हा बोलता बोलता त्यांना ठसका लागायला लागला आणि आक्कांनी बोलणं कमी करायला सांगितलं.

प्रकाशक स्वतः आले. भला माणूस होता. टोपी हातात फिरवत बसला आणि मुद्द्यावर यायला त्याला अर्धा तास लागला. छपाई आणखी थांबवता येत नव्हती. दुसरा एक सूचीकार तयार होता, तरुण होता, सहाशे पंचवीसपासून पुढचं पंधरा दिवसांत करून देतो म्हणत होता. "दोघांची नावं घालू, मास्तर," प्रकाशक म्हणाले. "तुमचं वर, त्याचं खाली. शब्द देतो."

बाईंच्या जिवात जीव आला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं त्यांना. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी मान हलवली. नाही. मग बराच वेळ ओठ जुळवत काहीतरी बोलले. प्रकाशकांना कळलं नाही. त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि ते वाक्य बाईंनाच बोलावं लागलं.

"म्हणताहेत... दोन डोक्यांची नको. त्याला पहिल्या पानापासून करू द्या. नाव त्याचंच घाला."

"अहो, पण तुमचं एवढं काम..."

मास्तरांनी डोळे मिटले. प्रकाशक गेल्यावर बाई भांडल्या. नवरा पलंगाला खिळलेला असतानाही भांडल्या. एवढा कसला ताठा म्हणाल्या, कुणाला कळणार होतं म्हणाल्या. मास्तर ऐकत राहिले. चाळीस वर्षं जे तत्त्व दुसऱ्यांच्या पुस्तकांना लावलं ते स्वतःच्या नावापायी मोडणाऱ्यांतले ते नव्हते, हे बाईंनाही माहीत होतं. म्हणून तर त्या भांडत होत्या.

दोन महिन्यांनी ग्रंथ आला. आक्कांनी पुडकं सोडलं आणि त्या खाली निघून गेल्या. बाईंनी तो जड ग्रंथ मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरला. सूचीचं पहिलं पान. वर एक नाव होतं, नवं, कुणा तरुणाचं. मास्तरांनी ते वाचलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, कारण चेहऱ्यावर काही दाखवायची ताकदही आता उरली नव्हती. मग त्यांनी ओठ हलवले. बाईंनी कान जवळ नेला.

"भाजणे... बघ."

बाईंनी बोट फिरवत शोधलं. 'भ'चे शब्द वाचले, वरून खाली, परत वरून खाली. पान उलटून बघितलं. तो शब्द नव्हता. 'कोरफड' होती, चार पानांच्या नंबरांसकट. 'भाजणे' नव्हतं. त्यांना वाटलं, आहे म्हणून सांगावं. पण या माणसाशी पानाच्या नंबरांत खोटं बोलायची सोय नव्हती.

"नाहीये," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी नजर छताकडे वळवली. "चालेल," म्हणाले. "कोरफड... आहे ना."

तेव्हा बाईंचा बांध फुटला. ग्रंथ पलंगावर पडला. इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं, रडणं, शिव्या, स्वतःलाच दिलेल्या. "मी केलं हे सगळं. मी चालवलं तुम्हाला. त्या मेल्या अकरा पावलांत तुमचे हात घालवले मी. आणि तुम्ही? तुम्ही लॅपटॉप सांगून ठेवला होतात ना? मला सांगितलंय दुकानदारानं. मग का नको म्हणालात? एकदा बोलला असतात तर! एकदा माझ्यावर ओरडला असतात! का बोलला नाहीत?"

मास्तर बोलायला लागले. एकेका शब्दाला इतका वेळ लागत होता की बाईंना वाटलं, थांबवावं. पण त्या थांबवू शकल्या नाहीत.

"डॉक्टरांकडून... आल्यापासून," मास्तर म्हणाले, "तू... हसली नव्हतीस." मग श्वास घेतला. "त्या दिवशी... हसलीस."

बाईंनी त्यांच्या तोंडाच्या कडेनं ओघळलेलं पुसलं. मग आपले डोळे पुसले, त्याच फडक्यानं. पलंगावरचा ग्रंथ उचलून टेबलावर ठेवला. लॅपटॉप तिथंच मिटून ठेवलेला होता. त्यात ती फाइल अजून होती, सहाशे चोवीस पानांची, वर 'सूची' आणि खाली पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट. ती पुसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी कपाटातून चारही पँटी काढल्या आणि पलंगाशीच खुर्ची ओढून बसल्या. ब्लेडनं बाजूची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. आत दुमडून ठेवलेली माया बाहेर आली, जिथं ऊन लागलं नव्हतं तिथं कापडाचा मूळ गडद रंग तसाच होता. मास्तर बघत होते. बाईंनी कात्री घेतली, ते जास्तीचं कापड रेघेवरून कापून टाकलं, आणि त्याच पट्ट्यांच्या नाड्या शिवून बाजूंना लावल्या. संध्याकाळी आक्का आल्या तेव्हा तीन पँटी झाल्या होत्या आणि चौथी मशीनवर होती.